अंगण वाकडे असले तरी

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने मनुष्यस्वभावाचा एक जुनाच दोष चार शब्दांत पकडला आहे. अक्षर बिघडले की दोष लेखणीचा, भाकरी करपली की दोष चुलीचा आणि सामना हरला की दोष पंचाचा! क्रीडांगणावरून पराभूत होऊन परतणाऱ्या मुलांचे बोलणे मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ‘आज आम्ही वाईट खेळलो,’ हे वाक्य त्यात क्वचित असते. ‘पंचाने आम्हांला हरवले,’ हे वाक्य मात्र बहुधा असतेच.

परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, अंगण मुळात सपाटच असते आणि नाचणाराच तेवढा कच्चा असतो. पण एखादे वेळी अंगण खरोखरच वाकडे असेल तर? पंचाचा निर्णय खरोखरच चुकीचा असेल आणि लक्षावधी लोक ती चूक आपल्या डोळ्यांनी पाहत असतील तर? अशा वेळी हरलेल्या संघाला ही म्हण ऐकवून गप्प बसवणे न्यायाचे होईल काय? हा प्रश्न म्हणीने सुटत नाही; तो विचारानेच सोडवावा लागतो.

या विचारासाठी मी मुद्दामच दूरदेशीचे उदाहरण घेणार आहे. आपल्या संघाचा विषय निघाला की आपल्या मनाचा तराजू आपल्याच बाजूला झुकतो. ज्या संघांशी आपले काही नाते नाही, त्यांच्याविषयी मात्र आपण शांतपणे न्याय करू शकतो. म्हणून आपण अमेरिकेत जाऊ आणि तेथील लोकांच्या जिवाभावाचा जो बेसबॉलचा खेळ, त्यातील एका गाजलेल्या पराभवाची चौकशी करू.

बेसबॉलचा खेळ समजण्यास कठीण नाही. मैदानावर चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात. ‘पिचर’ चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलवतो आणि पहिल्या बेसकडे धाव घेतो. सर्व बेसना क्रमाने स्पर्श करून तो मूळ ठिकाणी परतला की त्याच्या संघाची एक धाव होते. फलंदाज पहिल्या बेसवर पोचण्यापूर्वीच, त्या बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू आला, तर फलंदाज बाद होतो. तीन गडी बाद झाले की एका संघाची पाळी संपते. प्रत्येक संघाला अशा नऊ पाळ्या मिळतात. म्हणजे सामान्यतः एका सामन्यात प्रत्येक संघाचे २७ गडी बाद व्हावे लागतात. फलंदाजाचा पाय आधी पोचला की चेंडू आधी पोचला, हे पंचाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवायचे असते.

आता १९८५ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील सर्वोच्च स्पर्धेची, म्हणजे ‘वर्ल्ड सिरीज’ची, अंतिम झुंज सेंट लुई कार्डिनल्स आणि कॅन्सस सिटी रॉयल्स या दोन संघांत चालली होती. दोन्ही शहरे मिसूरी या एकाच राज्यातील. त्यामुळे ईर्ष्येला उधाण आले होते. सात सामन्यांपैकी चार सामने जो प्रथम जिंकेल, तो विजेता, असा नियम. पाच सामने झाले, तेव्हा सेंट लुईने तीन आणि कॅन्सस सिटीने दोन सामने जिंकले होते. २६ ऑक्टोबर रोजी कॅन्सस सिटीच्या मैदानावर सहावा सामना झाला. नवव्या पाळीच्या उत्तरार्धास प्रारंभ झाला, तेव्हा सेंट लुईचा संघ एक विरुद्ध शून्य असा पुढे होता. आणखी तीन गडी बाद केले की विजेतेपद त्यांचेच होते.

पहिला फलंदाज होता हॉर्हे ऑर्टा. त्याने चेंडू टोलवला, तो उसळत पहिल्या बेसच्या बाजूला गेला. तेथील क्षेत्ररक्षक जॅक क्लार्क याने तो अडवला आणि बेसकडे धावत आलेल्या टॉड वॉरेल या पिचरच्या हाती दिला. वॉरेलचा पाय बेसवर होता, चेंडू त्याच्या हातमोज्यात होता आणि ऑर्टा अद्याप बेसपासून दूर होता. असे असता पंच डॉन डेंकिंजर यांनी हात पसरून ऑर्टा सुरक्षित पोचल्याची खूण केली! दूरचित्रवाणीवर तोच प्रसंग पुन्हा दाखवण्यात आला आणि निर्णय चुकला, हे घरी बसलेल्या प्रेक्षकांस स्पष्ट दिसले. परंतु त्या काळी असे चित्रण पाहून निर्णय बदलण्याची सोय नियमांत नव्हती. निर्णय कायम राहिला. त्याच पाळीत कॅन्सस सिटीने दोन धावा काढल्या, सामना २-१ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही जिंकून विजेतेपद पटकावले.

सेंट लुईच्या लोकांनी एकमुखाने निकाल दिला : ‘आमचे विजेतेपद पंचाने हिरावून घेतले!’

या फिर्यादीत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. फिर्यादीची बाजू पूर्णपणे ऐकून घेतल्याशिवाय निकाल देणे हाही एक अन्यायच होय. निर्णय चुकला, ही गोष्ट निर्विवाद आहे. पुढे स्वतः डेंकिंजर यांनीही ती मान्य केली. सामना गेला तो केवळ एका धावेने. शिवाय पहिलाच गडी बाद होणे आणि पहिलाच गडी बेसवर जाऊन बसणे, यांत खेळाडूंच्या मनःस्थितीच्या दृष्टीनेही फार अंतर आहे. एवढे सारे मान्य करूनही प्रश्न उरतोच : त्या चुकीनंतर विजय आणि पराजय यांच्यामध्ये आणखी काहीच घडले नाही काय?

घडले, आणि पुष्कळच घडले. ऑर्टानंतर स्टीव्ह बालबोनी हा फलंदाज आला. त्याचा एक टोला उंच उडून मैदानाच्या कडेला उतरू लागला. तो झेल घेतला असता, तर बालबोनी बाद होता. परंतु क्लार्कला चेंडूचा अंदाज आला नाही आणि तो जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या बालबोनीने पुढे टोला मारून बेस गाठला. त्यानंतरच्या फलंदाजाने, जिम संडबर्गने, चेंडू हळूच ढकलला. तो उचलून वॉरेलने तिसऱ्या बेसकडे फेकला आणि तेथे बाद झाला तो कोण? ज्याला पंचाने चुकीने सुरक्षित ठरवले होते, तोच ऑर्टा! म्हणजे ज्या खेळाडूवरून एवढे रामायण घडले, त्याने धाव काढलीच नाही. पुढे सेंट लुईचा कॅचर डॅरेल पोर्टर याच्या हातून एक चेंडू निसटला आणि बेसवरील दोन्ही प्रतिस्पर्धी एकेक बेस पुढे सरकले. मग पुढच्या फलंदाजाला मुद्दामच पहिला बेस बहाल करण्यात आला. तिन्ही बेस भरले, आणि डेन आयॉर्ग या बदली फलंदाजाच्या टोल्यावर दोन धावा निघाल्या.

आता हिशेब मांडू. हिशेब मांडताना मात्र हात आखडता घ्यायचा नाही. निर्णय अचूक असता, तर ऑर्टा बाद होऊन बालबोनी बेसवर असता : एक गडी बाद आणि बेसवर एक खेळाडू. प्रत्यक्षात संडबर्गनंतर स्थिती झाली ती अशी : एक गडी बाद आणि बेसवर दोन खेळाडू. पंचाच्या चुकीने प्रतिपक्षाला एक खेळाडू अधिक मिळाला, एवढे निश्चित. आणि विजयाची दुसरी धाव संडबर्गनेच काढली. तेव्हा त्या चुकीला काहीच मोल नव्हते, असे म्हणणे असत्य ठरेल. परंतु बरोबरी साधणारी पहिली धाव आली ती बालबोनीच्या जागी धावणाऱ्या खेळाडूची. ज्याचा झेल निसटला, तो हा बालबोनी. त्याला दुसऱ्या बेसवरून तिसऱ्या बेसवर जाण्यास साहाय्य केले ते कॅचरच्या हातून निसटलेल्या चेंडूने. या दोन्ही ठिकाणी पंचाचा हात नव्हता. होते ते सेंट लुईच्या खेळाडूंचेच हात.

दृष्टी थोडी मागे नेली, तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्या चौथ्या पाळीचा आज फारसा कोणी उच्चार करीत नाही, त्या पाळीत कॅन्सस सिटीच्या फ्रँक व्हाईट या खेळाडूला दुसऱ्या बेसवर बाद देण्यात आले होते. तो वास्तविक सुरक्षित पोचला होता, असे चित्रण पाहणाऱ्या अनेक जाणकारांचे मत आहे. त्याच्यामागून आलेल्या फलंदाजाने टोला मारून बेस गाठला. व्हाईट दुसऱ्या बेसवर असता, तर कदाचित तेव्हाच एक धाव निघाली असती. परंतु जिंकणाऱ्याला आपल्यावर झालेला अन्याय आठवत नाही आणि हरणाऱ्याला आपल्या लाभात गेलेली चूक आठवत नाही. पंचांच्या चुकांची वही जो तो ठेवतो. पण त्या वहीत जमेचे पान कोरे असते, भरते ते केवळ नावेचे.

आणि आता सर्वांत मोठा आकडा. त्या मालिकेतील सातही सामन्यांत मिळून सेंट लुईने १३ धावा काढल्या. कॅन्सस सिटीने काढल्या २८. अखेरच्या तीन सामन्यांत सेंट लुईला २७ पाळ्या मिळाल्या आणि त्यांत त्यांच्या धावा झाल्या केवळ दोन! ज्या संघाने त्या वर्षीच्या नियमित हंगामात १०१ सामने जिंकले होते, त्याच्या फलंदाजांना या मालिकेत सूर गवसलाच नाही. डेंकिंजर यांनी चूक केली ती एका क्षणी. धावा निघाल्या नाहीत त्या तीन दिवस. सहाव्या सामन्यात सेंट लुईने आणखी दोन धावा काढून ठेवल्या असत्या, तर पंचाच्या त्या निर्णयाची आज कोणाला आठवणही राहिली नसती.

मग लोकांच्या स्मरणात हे २७ डाव न राहता तो एकच निर्णय का राहिला? माझ्या मते याची दोन कारणे आहेत. एक तर अनेक लहान चुकांची बेरीज डोळ्यांना दिसत नाही; ती कागदावर मांडावी लागते. एक मोठी चूक मात्र मांडावी लागत नाही, ती आपोआपच डोळ्यांत भरते. दुसरे असे की, पराभवाचे ओझे वाटून घेण्यापेक्षा ते एकाच्या डोक्यावर ठेवणे सोपे असते. पंच हा त्यासाठी फारच सोयीचा मनुष्य! तो ना आपल्या संघाचा, ना दुसऱ्याच्या. त्याच्या बाजूने ओरडायला प्रेक्षकांत कोणीही नसते.

पंच हाती लागला नाही, तर लोक दुसरा कोणी शोधतात, याचेही उदाहरण बेसबॉलच्याच इतिहासात आहे. १९०८ साली २३ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना होता. न्यूयॉर्कने विजयी धाव काढली, असे समजून प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरून निघालेला फ्रेड मर्कल हा १९ वर्षांचा तरुण खेळाडू त्या गर्दीत दुसऱ्या बेसला पाय न लावताच परत फिरला. अशा वेळी त्याच्याप्रमाणेच वागण्याची खेळाडूंत तेव्हा रूढीच पडली होती. परंतु शिकागोच्या खेळाडूंनी नियमावर बोट ठेवले, पंचांनी मर्कलला बाद दिले आणि सामना बरोबरीत सुटला. हंगामाच्या शेवटी तोच सामना पुन्हा खेळवावा लागला. तो शिकागोने जिंकला आणि एका विजयाच्या अंतराने न्यूयॉर्कचे अव्वल स्थान हुकले. या वेळी नियम पंचाच्या बाजूने होता. म्हणून सारे खापर मर्कलच्या माथी फुटले. ‘मठ्ठ’ हे उपपद त्याला आयुष्यभर चिकटले. न्यूयॉर्कने त्या हंगामात एकूण ५६ सामने गमावले होते. त्यांतील आणखी एक जरी जिंकला असता, तरी मर्कलचे पाऊल इतिहासात नोंदले गेले नसते. पण छप्पन्न पराभवांना चेहरा नसतो, मर्कलला होता.

पराभवाचे खापर एकाच्या माथी फोडल्याने तात्पुरते समाधान मिळते, हे खरे. परंतु त्या समाधानाची किंमत फार मोठी असते. १९८५ च्या त्या सामन्यानंतर डेंकिंजर यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. ज्या गृहस्थाने १९६९ पासून मोठ्या सामन्यांत पंच म्हणून काम केले, त्याला एका चुकीसाठी जिवाचे भय बाळगावे लागावे, ही खेळाची शोभा नव्हे. पंच पहिल्या बेसवर निर्णय देतो तो डोळे बेसवर ठेवून आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानांनी टिपून. हजारो लोकांच्या त्या गदारोळात तो आवाज ऐकणे किती कठीण असेल, याची कल्पना करून पाहा. आपल्याकडे ‘पंचामुखी परमेश्वर’ असे म्हणतात. पंचाच्या मुखी परमेश्वर असेलही. पण त्याचे डोळे आणि कान मात्र माणसाचेच असतात.

दुसरी किंमत मोजली ती खुद्द सेंट लुईच्या संघाने. सहावा सामना गेला, तरी विजेतेपद गेले नव्हते. सातवा सामना उरला होता. गुणफलक पुन्हा कोरा होता. दोन्ही संघांना सारखीच संधी होती. परंतु संघ मैदानात उतरला तो कालचा राग बरोबर घेऊनच. त्या दिवशी फलंदाजामागे उभे राहून निर्णय देण्याची पाळी नेमकी डेंकिंजर यांचीच होती. सेंट लुईचा एक पिचर आणि संघाचे व्यवस्थापक व्हायटी हर्झॉग या दोघांनाही पंचाशी हुज्जत घातल्याबद्दल मैदानाबाहेर काढण्यात आले. दुसऱ्या एका पिचरने वैतागून विजेच्या पंख्यावर हात मारला आणि स्वतःचाच हात जखमी करून घेतला. सामन्याचा निकाल लागला अकरा विरुद्ध शून्य. काल पंचाने एक निर्णय चुकवला होता. आज रागाने सारा सामनाच चुकवला. ज्याला हा पराभव पंचाने केला असे वाटते, त्याने या अकरा धावांचा जाब कोणाला विचारावा?

येथे कोणी म्हणेल, ‘गुरुजी, आपण पंचाचीच तळी उचलता. खेळाडूने सारे काही अचूक केले आणि तरीही पंचाने त्याचे हिरावून घेतले, असे कधी घडतच नाही काय?’ घडते, आणि ते लपवून माझी बाजू बळकट करण्याची मला इच्छा नाही. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे अर्मांडो गलारागा या व्हेनेझुएलाच्या पिचरने क्लीव्हलँडच्या संघाचे लागोपाठ २६ गडी बाद केले. एकालाही बेसवर पाऊल ठेवू दिले नाही. आणखी एक गडी बाद झाला की तो ‘परिपूर्ण सामना’ ठरणार होता. मोठ्या स्पर्धांच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात तोवर असे केवळ २० सामने झाले होते. सत्ताविसाव्या फलंदाजाचा टोला अडवला गेला, चेंडू पहिल्या बेसवर गलारागाच्या हाती आला, फलंदाज स्पष्टपणे बाद होता. आणि पंच जिम जॉयस यांनी तो सुरक्षित असल्याची खूण केली!

येथे ‘तू आणखी चांगले खेळायला हवे होतेस,’ असे गलारागाला कोण म्हणू शकेल? ज्याने सर्व काही अचूक केले, त्याला हा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. अंगण खरोखरच वाकडे होते. मग त्याने काय केले? तो क्षणभर हसला, आपल्या जागी परत गेला आणि पुढचा गडी बाद करून त्याने ३-० असा सामना संपवला. चित्रण पाहताच जॉयस यांना आपली चूक कळली. त्यांनी काही सबब सांगितली नाही. ते गलारागाला भेटले आणि डोळ्यांत पाणी आणून त्यांनी क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या नावांची यादी पंचाच्या हाती देण्यासाठी गलारागाच पुढे झाला. आणि ती घेताना हजारो प्रेक्षकांसमोर जॉयस यांना अश्रू आवरेनात. निर्णय कागदोपत्री बदलला नाही. ‘परिपूर्ण सामना’ गलारागाच्या नावावर लागला नाही. परंतु ज्याला तक्रार करण्याचा सर्वांत अधिक अधिकार होता, त्यानेच सर्वांत कमी तक्रार केली. त्याच महिन्यात खेळाडूंची मते अजमावली गेली, तेव्हा उत्कृष्ट पंच म्हणून जॉयस यांचेच नाव पुढे आले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

‘म्हणजे अन्याय निमूटपणे सोसावा काय?’ हा यापुढचा प्रश्न, आणि त्याचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. चूक आणि अन्यायाची व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रामाणिक पंचाची चूक आज एकाविरुद्ध होते, उद्या दुसऱ्याविरुद्ध. परंतु ज्या व्यवस्थेचा फटका नेहमी त्याच माणसांना बसतो, ती चूक नव्हे. तो अन्याय होय. बेसबॉलमध्ये हाही झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या स्पर्धांच्या संघांत प्रवेशच नव्हता. जॉश गिब्सन हा त्यांच्यातील थोर फलंदाज. तो जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ते बंद दार उघडले. ‘आपला खेळ सुधार, म्हणजे झाले,’ असे गिब्सनला सांगणे ही क्रूर थट्टाच झाली असती. त्याच्या खेळात उणे काहीच नव्हते. उणे होते ते त्याला दाराबाहेर ठेवणाऱ्यांच्या मनात. तेथे अंगण वाकडे नव्हते. अंगणात येण्याचीच मनाई होती. अशा अन्यायाविरुद्ध आवाज उठवणे, हे रडगाणे नव्हे. ते कर्तव्य आहे. २०२४ साली कृष्णवर्णीयांच्या जुन्या स्पर्धांतील नोंदी मुख्य नोंदींत समाविष्ट करण्यात आल्या आणि कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी-सरासरी म्हणून गिब्सनचेच नाव अग्रस्थानी आले.

प्रामाणिक चुकीवरही उपाय असतो. फक्त तो आरडाओरडीत नसतो. २०१४ पासून अमेरिकेतील मोठ्या सामन्यांत संघाच्या व्यवस्थापकाला पंचाच्या बहुतेक निर्णयांवर दाद मागता येते आणि चित्रण तपासून निर्णय बदलता येतो. डेंकिंजर आणि जॉयस यांच्या चुका आज काही मिनिटांत सुधारल्या गेल्या असत्या. ही सुधारणा धमकीच्या पत्रांनी झाली नाही. पुरावा मांडून आणि नियमांचा विचार करूनच ती झाली. पण यंत्र आले म्हणून पराभव थांबले काय? आजही प्रत्येक सामन्यात एक संघ हरतोच. अंगण कितीही सपाट केले, तरी नाचावे लागते ते आपल्याच पायांनी.

तेव्हा या प्रश्नाविषयी माझे मत असे आहे. सामना संपला की दोन प्रश्न विचारावेत. पण त्यांची गल्लत करू नये. ‘पंचाचा निर्णय चुकला काय?’ हा पहिला प्रश्न. चुकला असेल, तर तसे स्पष्टपणे, सभ्यपणे आणि योग्य ठिकाणी सांगावे. ‘आपण का हरलो?’ हा दुसरा प्रश्न. याचे उत्तर मात्र पंचाच्या हातवाऱ्यांत न शोधता आपल्या सुटलेल्या झेलांत आणि आपल्या रिकाम्या पाळ्यांत शोधावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की मनुष्य दोन्हीकडून नागवला जातो. त्याला न्याय तर मिळत नाहीच, आणि त्याचा खेळही सुधारत नाही.

कारण पंचाची चूक सुधारणे आपल्या हाती नसते. ती सुधारण्यासाठी कोणी उद्या पहाटे उठून सराव करू शकत नाही. आपला सुटलेला झेल मात्र आपल्या हातचा असतो. उद्याच्या सरावात शंभर वेळा चेंडू उंच उडवून तो शंभर वेळा झेलता येतो. जो पराभवाची सारी कारणे दुसऱ्याच्या पदरात टाकतो, तो त्यांबरोबर विजयाची किल्लीही त्याच्याच पदरात टाकून मोकळा होतो. जो आपल्या वाट्याचे कारण आपल्याकडे ठेवतो, त्याच्यापाशी निदान उद्याचे काम तरी उरते. आणि ज्याच्यापाशी उद्याचे काम आहे, तो आज हरला असला, तरी पराभूत झाला असे मी मानीत नाही.